खाडीचं तोंड आणि फीफीचा नाच

ढोलावर पहिली थाप पडली की फीफी अबाका दोन बोटांनी निशाणाची काठी उचलायचा आणि सगळा किनारा श्वास रोखून धरायचा. काय तो प्रवेश! अंगानं काडी, उंचीनं बेताचा, एरवी रस्त्यातून गेला तर कुणी वळून बघणार नाही असा हा माणूस. पण हातात निशाण आलं की अंगात वारं शिरायचं. निशाण डोक्यावर गरगरायचं, काखेतून निसटायचं, पायांमधून मागे जायचं आणि फडफडत पुन्हा समोर उलगडायचं. कधी तो पाठीवर आडवा व्हायचा, तरी कापडाचं टोक वाळूपासून चार बोटं वरच! निशाण जमिनीला टेकलं तर पलटणीची अब्रू गेली. फीफीच्या हातून ते बावीस वर्षांत एकदाही टेकलं नव्हतं.

हा नाच नुसता शोभेचा नसतो. निशाणवाला हातांनी बोलतो. पुढे व्हा, थांबा, डावीकडे सरका, वाकू नका. सगळं मनगट सांगतं. ढोलांच्या गदारोळात माणसाचा आवाज कुठे पुरणार? पलटण मनगटाकडे बघत चालते.

पोटासाठी फीफी शिंपी होता. हाताच्या मशीनवर मान वाकवून बायकांची पोलकी, शाळेचे गणवेश शिवायचा आणि सणाचे दिवस आले की निशाणं. लाल, पांढऱ्या, काळ्या चिंध्या कापून तो सिंह शिवायचा, नांगर शिवायचा, एकदा तर पंख पसरलेलं विमान शिवलं होतं. त्या विमानाला खिडक्या किती असाव्यात यावरून दोन म्हातारे आठवडाभर भांडले होते. काय दिवस होते ते!

एसुआनो गाव खाडीच्या दोन काठांवर वसलेलं. एका काठावर उगवतीची आळी, दुसऱ्यावर मावळतीची. दोन्ही आळ्यांची आपापली पलटण, आपापला ढोल. उगवतीवाल्यांची निशाणं लाल, मावळतीवाल्यांची पिवळी. पूर्वी या पलटणी लढाईला जायच्या. आता रस्ते झाडायच्या, बुडालेली होडी शोधायच्या, मयताला खांदा द्यायच्या. बाप ज्या पलटणीत, मूल त्याच पलटणीत. घराणं मात्र आईचं. त्यामुळे गावात असं एक घर नव्हतं की ज्यात दोन्ही पलटणींची माणसं एका चुलीवर जेवत नव्हती.

फीफी उगवतीचा, पण नाच शिकला मावळतीच्या अम्पिआबाबांकडे. अम्पिआबाबा म्हणजे पिवळ्या निशाणाचे बुजुर्ग. उंच, ताठ, आवाज असा की समुद्रात असलेल्या होडीलाही बोलावतील. तेव्हा लाल पलटणीतलं पोरगं पिवळ्या पलटणीच्या उस्तादाकडे शिकतंय याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. उलट म्हातारे म्हणायचे, "बरं झालं, दोन्हीकडे एकसारखे पाय पडतील." पुढे अम्पिआबाबांनी आपली मुलगीही त्यालाच दिली. अराबा तिचं नाव. ठसठशीत, हजरजबाबी, मासे धुरावण्यात तिच्या तोडीची बाई दोन्ही काठांवर नव्हती.

लग्न झालं तरी अराबा आपल्या आईच्या घरी मावळतीलाच राहिली, कारण आमच्याकडे तीच रीत. नवरा आपल्या घरी, बायको आपल्या घरी; संध्याकाळी तिने रांधलेलं मडकं झाकून नवऱ्याकडे पाठवायचं. ताडफळांच्या कालवणाचा वास दरवळवत ते मडकं वाळूच्या बांधावरून पलीकडे जायचं आणि अख्खी आळी समजायची, संसार ठीक चाललाय. मडकं आलं नाही तर तेही अख्ख्या आळीला समजायचं. त्यासाठी वेगळी दवंडी लागत नसे.

हा वाळूचा बांध समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये. कोरड्या दिवसांत लाटा तो रचतात, खाडीचं तोंड बंद होतं आणि माणसं त्यावरून पायी ये-जा करतात. पावसात वरून नद्या भरून आल्या की खाडी फुगते. मग दोन्ही आळ्यांनी मिळून बांध फोडायचा आणि पाणी समुद्रात सोडायचं. बापजाद्यांपासून हेच चाललेलं.

बिघडलं ते नाना ओत्सिबूंच्या चांगुलपणामुळे. नाना म्हणजे गावप्रमुख; नवे गादीवर बसलेले, उत्साही, डोक्यात रोज एक कल्पना. बांधाच्या आडोशाला होड्या लावायची एक शांत जागा होती. लाटा तिथे मऊ येत. होड्या वाढल्या तशी तिथे दाटी होऊ लागली आणि रोज कुणाचं तरी वल्हं कुणाच्या तरी पाठीत बसू लागलं. नाना म्हणाले, "भांडता कशाला? वाटा साफ करायचा अक्वाम्बोचा सण आहे ना? त्यात शर्यती लावू. होड्यांची शर्यत, वाट साफ करण्याची शर्यत, निशाणांचा नाच. जी पलटण जिंकेल तिच्याच होड्या वर्षभर त्या जागी लागतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फीफीनं तर उडी मारली!

पहिल्या वर्षी मावळतीवाले जिंकले. हसतखेळत झालं. हरलेल्यांच्या होड्या उघड्या किनाऱ्यावर आपटून दोन फुटल्या तेव्हा हसू थोडं कमी झालं. दुसऱ्या वर्षी उगवती जिंकली आणि फुटायची पाळी मावळतीच्या होड्यांवर आली. तिसऱ्या वर्षापर्यंत काय काय ऐकू यायला लागलं म्हणता! उगवतीत म्हणू लागले, मावळतीवाले जन्मजात चोर, शर्यतीत दोर कापतात. मावळतीत म्हणू लागले, उगवतीवाल्यांचा आवाज मोठा आणि जाळं लहान. उगवतीच्या बाया मावळतीचे मासे घेईनात, म्हणे त्यात वाळू असते. मावळतीच्या बाया उगवतीचं केन्के खाईनात, म्हणे मक्याचं पीठ पायांनी मळतात. तीच बाई, तेच पीठ, काल मागून मागून खाल्लेलं! वर्ष-दोन वर्षांत माणसाच्या जिभेची चव बदलते ती अशी.

फीफीही त्यातलाच. खोटं कशाला सांगायचं? तोही म्हणू लागला होता, "पिवळ्यांच्या नाचात आता दम राहिला नाही."

आणि मग त्यानं ते निशाण शिवलं.

चौथ्या वर्षीच्या सणाआधी अम्पिआबाबांचा गुडघा सुजला होता. वय सत्तर, तरी नाचायची हौस. फीफीनं लाल कापडावर एक बगळा शिवला. लंगडा बगळा, गळ्यात पिवळा रुमाल, एक पाय वर धरलेला. नवं निशाण आधी नानांना आणि समोरच्या पलटणीला दाखवायचं, त्यांनी हरकत घेतली नाही तरच नाचवायचं, असा नियम. फीफीनं ते दाखवलं नाही. सरळ सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर उलगडलं.

उगवती हसून लोटपोट झाली. अम्पिआबाबांनी बगळ्याकडे बघितलं, आपल्या गुडघ्याकडे बघितलं, हातातली काठी खाली ठेवली आणि न नाचताच निघून गेले. उगवती जिंकली. त्या संध्याकाळी मडकं आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी राहिली. "फीफी, पोटात काही गेलं का रे?"

"गेलं गेलं. भाजलेली केळी."

"बगळा भाजून खायचा होतास," ती म्हणाली आणि गेली.

दीड महिना झाला. फीफीची आई वारलेली. घराण्याचा कारभार डाडझीमामांकडे. हे मामाच उगवतीच्या पलटणीचे सुपी, म्हणजे सगळ्यात मोठे सरदार. पोट सुटलेलं, रागही सुटलेला. त्यांनी फैसला सांगितला: "दीड महिना बायको मडकं पाठवत नाही म्हणजे ती बायको राहिली नाही. येत्या शुक्रवारी तिच्या घरी जायचं आणि दंडाला खडू लावून यायचं." नवऱ्याकडच्या माणसांनी बाईच्या दंडाला पांढरा खडू फासला की ती मोकळी. मग बोलायला काही उरत नाही.

"मामा, माझं जरा—"

"तू गप. निशाण तुला शिवता येतं, संसार नाही."

फीफीला रात्रंदिवस एकच दिसू लागलं: अराबाचा दंड आणि त्यावरची ती पांढरी रेघ.

नानांनी मधल्या काळात आणखी एक कल्पना काढून बघितली होती. गाय कापली, चटया अंथरल्या, दोन्ही आळ्यांना एकत्र जेवायला बोलावलं. एक लाल, एक पिवळा असे शेजारी शेजारी बसवले. एकत्र जेवले की मनं जुळतील, असा हिशेब. वाढणं सुरू झालं तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, "यांना मोठे तुकडे द्या, छोटे यांना दिसत नाहीत, नाक वर असतं." उत्तरादाखल केन्केचा एक गोळा उडाला. मग दुसरा. मग सगळेच! कालवणाची मडकी पालथी, नानांच्या झग्यावर ताडतेल, आणि फीफीच्या कानात मासा. जेवण एकत्र करून काही झालं नाही. उलट फेकायला हाताशी सगळं आयतं मिळालं.

आणि मग खाडी भरायला लागली.

वरच्या रानात आठ दिवसांपासून पाऊस धो धो कोसळत होता. पाणी बोटाबोटानं चढू लागलं. बांध फोडायचा तर कोणी? मावळतीवाले म्हणाले, "होड्यांची जागा यंदा उगवतीची, बांध त्या जागेचा, तेव्हा फोडा तुम्हीच." उगवतीवाले म्हणाले, "आधी पाणी तुमच्या आळीत शिरणार, तुमची जमीन खोल. तुम्ही फोडा." कधी नव्हे ते दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते!

पाणी बोलत बसलं नाही. सोमवारी मावळतीच्या बायकांच्या मातीच्या भट्ट्यांत ते शिरलं. धुरावायला ठेवलेले मासे तरंगू लागले. त्याच दुपारी उगवतीच्या ढोलघरात शिरलं. पलटणीचा मोठा ढोल कमरेपर्यंत बुडाला आणि त्याचं कातडं ओल्या भाकरीसारखं सैल पडलं. उगवतीचे सत्तर गडी फावडी घेऊन बांधावर गेले, दिवसभर खणलं. लाट आली, चर भरला. पुन्हा खणलं, पुन्हा भरला. मावळतीवाले काठावरून बघत होते आणि गात होते. गाणं लिहिण्यासारखं नाही.

मंगळवार उजाडला. मंगळवारी समुद्राला विसावा, होड्या काढायच्या नाहीत. त्यामुळे सगळं गाव घरी. पाणी अम्पिआबाबांच्या उंबऱ्याला टेकलं होतं. मग मात्र मावळतीवाल्यांचं गाणं थांबलं. तेही फावडी नि घमेली घेऊन निघाले. पण उगवतीच्या चरात हात घालतील तर ते पिवळे कसले! त्यांनी वीस पावलांवर दुसरा चर सुरू केला.

आणि लागली शर्यत! इकडे लाल, तिकडे पिवळे. इकडून वाळू उडतेय, तिकडून वाळू उडतेय, आणि इकडची वाळू तिकडच्या चरात, तिकडची इकडच्या. "हाणा! पिवळ्यांच्या आधी फोडा!" "ओढा! लाल आवाजाचे धनी आले बघा!" पाणी दोन्ही चरांत थोडं थोडं झिरपलं, पण जोर कुणालाच येईना. मधली वाळू भिजून बसू लागली. एका बाजूची कड ढासळली, दोन गडी कमरेपर्यंत गाडले गेले, त्यांना ओढून काढताना दुसरी कड ढासळली. दुपारपर्यंत दोन्ही चर होते त्याच्यापेक्षा उथळ! वरून पाऊस, समोरून समुद्र. दोन हातांवरच्या माणसाचा शब्द ऐकू येईना.

फीफी फावडं टाकून उभा राहिला. नाचणाऱ्याची नजर असते. पाय कुठे पडले आणि कुठे पडायला हवे होते हे त्याला लांबून दिसतं. त्याला दिसलं की दोन्ही चरांच्या मधोमध वाळू सगळ्यात बारीक आहे, आणि दीडशे माणसांनी तिथे एकच चर एका तालात खणला तर भरती यायच्या आत पाणी सुटेल.

तो मामांकडे धावला. "मामा, मध्ये! दोघांनी मिळून मध्ये!"

"मिळून?" मामांच्या तोंडात वाळू गेली होती, ती थुंकून ते म्हणाले, "त्यांनी आमच्या चरात यावं."

"कुणाच्याच चरात नाही. नव्या चरात."

"आणि ताल कोण देणार? आपला ढोल मेलाय."

"त्यांचा ढोल देणार."

मामांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं कपडे काढून नाचायची परवानगी मागितली होती. "पिवळ्या ढोलावर लाल पलटण हलली असं या जन्मी ऐकलंयस का?"

"मामा, उद्या सकाळी पलटण कुठे उभी करणार? झाडावर?"

मामांनी पुन्हा वाळू थुंकली. फीफीनं तोच होकार समजला. निशाणाच्या काठीवरून त्यानं लाल कापड सोडलं, मामांच्या हातात कोंबलं आणि नुसती काठी घेऊन तो वीस पावलं चालत गेला. आयुष्यातली सगळ्यात लांब वीस पावलं! लाल पलटणीतून कुणी तरी ओरडलं, "फुटला रे फुटला!" पिवळ्यांनी फावडी उचलून धरली.

पिवळ्यांचा ढोल अराबाचा भाऊ क्वामेना वाजवायचा. छपराखाली, चुलीच्या धुरावर टांगून ठेवल्यामुळे तो ढोल कोरडा ठणठणीत राहिला होता. क्वामेना म्हणाला, "दाजी, वाट चुकलात का? सासुरवाडीची वाट दीड महिन्यांपूर्वी बंद झाली."

"तुझ्याकडे ढोल आहे, नाचणारा नाही," फीफी म्हणाला. "माझ्याकडे पाय आहेत, ढोल नाही."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागे वाळूवर उलट्या घातलेल्या होडीवर अम्पिआबाबा बसले होते, गुडघ्याला फडकं बांधून, डोक्यावर केळीचं पान धरून. फीफी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते दीड महिना पाठ केलेलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"निशाण कुठंय?" बाबांनी विचारलं.

"आणलं नाही. नुसती काठी आहे."

"तो बगळा. मानेचे टाके फार बारीक घातले होतेस."

"बाबा, मी..."

"माफी मेंढा घेऊन मागायची असते, फावडं घेऊन नाही. ती नंतर." म्हाताऱ्यानं पान खाली ठेवलं. "ऐक. आमच्या ढोलाची तिसरी थाप उशिरा पडते. तू घाई करशील. पहिल्यापासून करतोस. तिसऱ्या थापेला थांब." मग सत्तर वर्षांच्या छातीतून तो जुना आवाज निघाला, पाऊस फाडत गेला, "क्वामेना! वाजव!"

ढोल वाजला!

फीफी बांधाच्या मधोमध उंच वाळूवर चढला आणि त्यानं काठी उचलली. पहिल्या फेरीत तिसऱ्या थापेला त्याचा पाय घसरला. पिवळे हसले. दुसऱ्या फेरीत तो थांबला. थाप पडली, काठी खाली आली, मनगट वळलं: इथे! सगळे इथे! पिवळे आपल्या ढोलाला सरावलेले, ते आले. लाल उभेच. फीफीनं त्यांच्याकडे तोंड केलं आणि लहानपणापासून त्यांना माहीत असलेली खूण केली, 'माझ्यामागे या' ही, छातीवरून हात ओढून. एक जण आला. मग चौघं. मग डाडझीमामा, पोट सावरत, शिव्या देत: "अरे बघता काय, उतरा! ढोल कुणाचाही असो, घर आपलं बुडतंय!"

आणि मग जे सुरू झालं! थापेला फावडी खाली, थापेला फावडी वर. लाल फावडं भरायचं, पिवळं घमेलं पुढे यायचं, कारण उगवतीकडे फावडी जास्त होती आणि मावळतीकडे घमेली. बायकांची रांग घमेली हातोहात पुढे नेत होती. कोण कुणाचं घमेलं घेतंय हे बघायला वेळ कुणाला? काठी डावीकडे झुकली की दीडशे माणसं डावीकडे. काठी आडवी झाली की सगळे पुतळे. लाट जाऊ द्यायची. काठी उठली की पुन्हा! पीठ पायांनी मळणारी म्हणून जिची बदनामी झाली ती बाई, आणि मासे वाळूत लोळवणारी म्हणून जिची झाली ती बाई, दोघी शेजारी शेजारी. एक म्हणाली, "अगं, तुझे हात तर चांगले आहेत!" दुसरी म्हणाली, "मग काय पाय वाटले?" आणि दोघी घमेलं धरूनच हसत सुटल्या.

अराबाही त्या रांगेत होती. फीफीपासून सहा हातांवर, पण तिनं मान वर केली नाही. शेजारणीला म्हणाली, "नाचणाऱ्याला सांग, डाव्या पायाखालची वाळू भिजलीय."

शेजारीण ओरडली, "नाचणाऱ्या, डाव्या पायाखालची वाळू भिजलीय!"

"तिला सांग, मला दिसतंय!"

"त्याला सांग, दिसतंय तर सरकत का नाही?"

त्याला सरकता येत नव्हतं. तो सरकला असता तर चर वाकडा गेला असता. चराचं तोंड खाडीपासून आता फक्त दोन हात उरलं होतं. एक हात. मामांनी शेवटचं फावडं मारलं, आणि खाडीनं जिभेसारखी पाण्याची एक पट्टी चरात सोडली. क्षणभर ती नुसती वाहिली. मग कडा सुटल्या!

"वर या! वर या!" फीफीची काठी दोन्ही बाजूंना फिरली, लाल त्यांच्या काठाला पळाले, पिवळे त्यांच्या, आणि गडबडीत बरेच भलत्याच काठाला. पाणी गर्जत समुद्राकडे सुटलं, चर बघता बघता होडीएवढा झाला, घराएवढा झाला, आणि फीफी ज्या वाळूवर उभा होता ती वाळू त्याच्या पायाखालून निघून गेली. पाण्याबाहेर फक्त काठी दिसली. मग तीही नाही.

मावळतीच्या काठावरून क्वामेनानं जाळ्याचा दोर फेकला. दोर धरायला हात धावले ते काही पिवळ्यांचे, काही भलत्या काठाला अडकलेल्या लालांचे, आणि सगळ्यात पुढे अराबा, गुडघाभर पाण्यात, घसा फोडून ओरडत: "दोर धर, मुडद्या! आता तरी घाई कर! आता थांबू नकोस!"

दीड महिन्यातला तिचा पहिला शब्द त्याच्याशी. फीफीनं दोर धरला.

वाळूवर पालथा पडून तो पोटातलं पाणी ओकत असताना अम्पिआबाबा लंगडत आले आणि वाकून म्हणाले, "तिसरी थाप शेवटपर्यंत सांभाळलीस. काठी मात्र हरवलीस." एवढं बोलून त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

आता खरी गंमत. खाडीचं तोंड चाळीस हात रुंद झालं आणि पाण्याला अशी ओढ की कोणतीही होडी पलीकडे जाईना. वीस-बावीस लाल माणसं मावळतीला अडकली, तेवढीच पिवळी उगवतीला. त्यांना उपाशी ठेवणार का? मावळतीच्या घरात लाल माणसं जेवली, उगवतीच्या घरात पिवळी. डाडझीमामांच्या ओसरीवर तर दोर कापणारे म्हणून ते ज्यांना शिव्या घालायचे ते तिघं सख्खे भाऊ झोपायला आले, आणि दुसऱ्या दिवशी मामांचं फाटलं जाळं त्यांनीच विणून दिलं. फीफी अर्थात सासुरवाडीला. क्वामेनानं शेजारच्यांकडून मेंढा उसना आणून दिला; फीफीनं तो अम्पिआबाबांच्या अंगणात उभा केला आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. बाबांनी मेंढ्याकडे बघून विचारलं, "हा लंगडतोय का?" अंगण खदखदून हसलं. फीफीला मात्र हसू आलं नाही. कारण अराबा हसली नव्हती, आणि शुक्रवार परवावर आला होता.

शुक्रवारी सकाळी गावात एकही माणूस घरात नव्हता. नव्या तोंडातून खाडीचे मासे झुंडीनं समुद्राकडे निघाले होते. अशी झुंड दहा वर्षांतून एकदा! पण एका काठावरून जाळं टाकलं तर ओढ ते वाहून नेई. दोन्ही काठांना एकेक टोक धरलं तरच जमणार. दगडाला बांधून दोर पलीकडे फेकला गेला. उगवतीच्या काठावर तो डाडझीमामांनी धरला. त्यांच्या कनवटीला खडूची डबी होती. निघाले होते फैसल्याला, वाटेत हातात दोर आला.

इकडच्या टोकाला अराबा आणि फीफी, मागे तीस माणसं.

मामा पलीकडून ओरडले, "अराबा! आज शुक्रवार! काय ठरलं ते सांग! मी आलोय!"

"दोर सोडू नका मामा!"

"सोडत नाही! पण ठरलं काय?"

जाळं जड झालं. तीस जणांनी पाय रोवले, पलीकडे तीस जणांनी रोवले. जाळं चंदेरी होऊन वर आलं आणि दोन्ही काठांवर एकच आरोळी उठली. अराबा कमरेपर्यंत भिजलेली, केसांत मासोळीचं खवलं अडकलेलं. तिनं दोर न सोडता फीफीकडे बघितलं.

"बगळा पुन्हा शिवशील?"

"नाही."

"शिव. पण आधी मला दाखव, मग बाबांना. आणि पुढच्या वेळी त्याच्या गळ्यात लाल रुमाल घाल."

"अराबा..."

"मला बोलायला वेळ नाही, एवढे मासे साफ करायचेत. मामांना सांग, परत जा म्हणावं."

दोन्ही काठांवरच्या आरोळ्यांत आता सांगून ऐकू जाणार नव्हतं. फीफीनं दोर कमरेला अडकवला, दोन्ही हात वर नेले, आणि मनगटं बाहेरच्या बाजूला झटकून पलटणीला घरी पाठवायची खूण केली. पलीकडे मामांनी डोळे बारीक करून बघितलं. त्यांच्या मागची माणसं, लाल आणि पिवळी, आधीच हसायला लागली होती.

"कळलं!" मामा ओरडले. "पण अर्धे मासे आमचे!"